शेवटच्या घरचं आवतण

सोपाऱ्याजवळच्या गास गावात लग्नाचं आवतण फिरायला लागलं की बायका आधी विचारायच्या, "कोन आलंय द्यायला?" हंसाबाई आलीय म्हटलं की हातातलं काम बाजूला पडायचं आणि घरचा कर्ता माणूस सदरा चढवून ओट्यावर यायचा. कारण हंसाबाईला घाई नसे. ती दारात ताठ उभी राही, सुपारी आणि अक्षता पुढे करी, आणि त्या घरातल्या थोरल्या म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत एकेकाचं नाव घेऊन बोलावी. बोटीवर गेलेल्याचं नाव, आखातात गेलेल्याचं नाव, माहेरी बाळंतपणाला गेलेल्या सुनेचंही नाव. एक नाव राहिलं तर ते अर्धं आवतण, आणि अर्धं आवतण दिल्यापेक्षा न दिलेलं बरं, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं. भावकीतल्या किती लग्नांची आवतणं तिने दिली असतील त्याची मोजदाद नाही, पण कुणी "माझं नाव विसरली" असं म्हणालेलं गासात कुणी ऐकलं नव्हतं. याचा तिला अभिमान होता, आणि तो ती लपवत नव्हती.

आता तिच्या स्वतःच्या पोरीचं, संपदाचं, लग्न माघात धरलं होतं. मार्गशीर्ष सुरू होता. वाडीत राजेळी केळ्यांचे घड उतरले होते आणि ती उन्हात वाळवून सुकेळी करायला अंगणात मांडव पडला होता. लग्नाच्या पाहुण्यांना घरची सुकेळी द्यायची हा त्या घरचा जुना रिवाज, त्यामुळे यंदा केळी जास्त होती आणि माणसं तेवढीच. सकाळी पिकली केळी सोलायची, मांडवावरच्या चटयांवर एकेक सुटं मांडायचं, दुपारी उलटायचं, ऊन उतरलं की गोळा करून वाळल्या पानांत झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. केळं आतून मध सोडायला लागलं की बोटं एकमेकांना चिकटतात आणि गांधीलमाश्या कानाशी येतात. हंसाबाईचा नवरा जयराम बोलायला कमी, पण मांडवाशी वाकून वाकून त्याचीही कंबर धरली होती. त्यात आभाळ दोन दिवस धड ऊन देईना. ढग आला की हंसाबाई त्याला तोंडावर शिव्या देई.

"आई, ढगाला ऐकू जात नाही," हेमांगी म्हणायची.

"जात नसंल. माझं तोंड तरी मोकळं होतं ना?"

हेमांगी ही सून. विरारच्या फ्लॅटात वाढलेली, बाप रत्नागिरीकडचा, मुंबईत नोकरीला. लग्न होऊन वाडीत आली तेव्हा केळीच्या सोपटाला, म्हणजे खोडाच्या सालीला, हात लावताना नाक मुरडायची. आता सोपटाची दोरी वळून सुकेळ्यांचा जुडगा बांधायला तिचा हात सासूपेक्षा चपळ झाला होता. हंसाबाई हे तिच्यासमोर कधी बोलली नाही, पण माहेरच्या माणसांत बोलायची. तर या हेमांगीनेच सुचवलं होतं की बाहेरदेशी असलेल्यांना ई-मेलने बोलवावं.

"नाव घरी घेतेच मी. आईबापाच्या ओट्यावर."

"घरी घ्याच. पण त्या माणसालाही थेट कळलं तर? कॅनडातल्या पोराला स्वतःच्या नावाचं आवतण मिळालं तर केवढं वाटेल त्याला."

हंसाबाईला हे पटलं. हेमांगीचं एक खातं होतं, सोपाऱ्याच्या नाक्यावर ॲन्सेल्मच्या सायबर कॅफेत बसून उघडलेलं. फुकट.

"फुकट?" हंसाबाईने तेव्हाच विचारलं होतं. "मंग त्या कंपनीचं पोट कसं चालतं?"

"चालतं काहीतरी जाहिरातींवर."

"फुकट देनारा कधीतरी दाराशी येतो बघ," हंसाबाई म्हणाली आणि गप्प बसली.

घरोघर जाऊन तिने पत्ते जमवले. पोरं बाहेर असलेल्या आयांनी चिठोऱ्यांवर लिहून दिले, हेमांगीने ते खात्यात भरले आणि चिठोरे चुलीत गेले. आता कॉम्प्युटरच्या डोक्यात आहेत म्हणाली, आणि पुढचं कुणाला काय ठाऊक.

खरी गंमत झाली पाठवायच्या वेळी. हेमांगी म्हणाली, एकच पत्र लिहू, सगळ्यांची नावं एकदम टाकू, एक बटण दाबलं की झालं.

हंसाबाई खुर्चीतून उठलीच. "मंजे दवंडी? नाक्यावर उभं राहून 'या रे सगळे जेवायला' असं वरडू काय मी? हेमांगी, आवतन दारोदार द्यायचं असतं. प्रत्येकाचं वेगळं."

"अहो पण मजकूर तोच आहे!"

"तोच असनार. नाव त्याचं असलं पायजे. आनि दुसऱ्याचं नाव त्यात दिसता नये."

मग काय! भाजी-फुलं नाक्यावर विकून झाल्यावर रोज सासू-सुना ॲन्सेल्मकडे बसायच्या. ही जागा त्याच्या बापाची पावाची बेकरी होती. भट्टी बंद होऊन वर्षं झाली तरी भिंतींना पावाचा वास होता. हेमांगी एकेकाचं नाव घालायची, मजकूर चिकटवायची, पाठवायची. हंसाबाई शेजारी हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसायची आणि प्रत्येक पत्र गेलं की ओठातल्या ओठात नाव घ्यायची. लांबचा आधी, घरचा शेवटी, हा आवतणाचा क्रम. तो क्रम तिने इथेही सोडला नाही.

आणि घरच्यातला अगदी शेवटचा होता जितेंद्र.

जितेंद्र म्हणजे जयरामच्या चुलतभावाचा, आत्मारामचा, मुलगा. दोन्ही घरांच्या मधे नुसतं शेवग्याचं कुंपण. आत्माराम वयाने मोठा, भावकीत त्याचा शब्द चालायचा. काही वर्षांमागे बिल्डर लोक गासातून फिरायला लागले तेव्हा जितेंद्र बापाला म्हणाला होता, खाडीकडचा तुकडा देऊन टाकू, मी दुकान घालतो. आत्मारामने भर ओट्यावर त्याच्या अंगावर पाण्याचा तांब्या फेकला आणि "वाडी विकनाऱ्याचं तोंड मला दाखवू नको" म्हणाला. जितेंद्रने तोंड दाखवलं नाही. तो दुबईला गेला. तेव्हापासून आत्मारामने सांगून ठेवलं होतं की माझ्या ओट्यावर त्या पोराचं नाव कुणी घेतलं तर मी सुपारी परत करीन. आणि एकदा खरंच केली होती. तेव्हापासून त्या दारात हंसाबाईसुद्धा ते नाव गिळायची. तिच्या आयुष्यातलं अर्धं आवतण ते एवढंच.

त्यामुळे जितेंद्रला बोलवायचं तर या खात्याशिवाय रस्ता नव्हता. तो हेमांगीच्या खात्यावर काकीला लिहायचा. आणि आत्मारामची बायको यमुना दुपारी केळी उलटायला मदत करायच्या निमित्ताने कुंपणातून यायची. हेमांगी छापून आणलेला कागद वाचायची आणि यमुनाबाई केळं हातात धरून नुसती उभी राहायची. "आई कशी आहे" एवढंच असायचं बहुतेक पत्रांत. यमुनाबाई ते दोनदा वाचायला लावी, मग आत्मारामच्या हाती लागू नये म्हणून कागद चुलीत जाई.

"वहिनी, केळं चेपलंत," हंसाबाई म्हणायची, डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून.

त्या दिवशी अजून निम्मी नावं राहिली होती. हंसाबाईने आंघोळ करून धुवट लुगडं नेसलं होतं, कारण आजपासून घरच्यांची आवतणं होती. ॲन्सेल्मच्या दुकानात हेमांगीने नाव आणि गुप्त शब्द भरला. पडद्यावर पांढऱ्यावर लाल ओळ आली. तिने परत भरला. परत तेच.

"काय म्हनतंय?"

हेमांगीने तिसऱ्यांदा शब्द भरला. ॲन्सेल्म मागून वाकला, चष्मा सारखा केला. "हंसाबाय, खातं बंद केलंय त्यांनी."

"कोनी?"

"कंपनीने. म्हणतात, ह्या खात्यातून नको ती पत्रं पाठवली जातायत. नियम मोडलाय."

शेजारच्या खुर्चीवर गेम खेळणारा कॉलेजचा पोरगा फिस्सकन हसला. "आंटी, काय हॅकिंग करता काय?"

हंसाबाईला हॅकिंग कळलं नाही, हसणं कळलं. पण तिने त्या पोराकडे बघितलं नाही. "माझं कुठलं पत्र नको ते होतं, विचार त्यांना," ती ॲन्सेल्मला म्हणाली.

"विचारायला माणूस नाय तिथे. मशीन बघतं. एकाच मजकुराची एवढी पत्रं गेली ना, तर मशीनला वाटलं जाहिरातवाला आहे."

"आवतनाचा मजकूर सारखाच असतो! एकाला लग्नाला ये नि दुसऱ्याला बारशाला ये असं लिहू काय?"

ॲन्सेल्मला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. चांगला माणूस. त्याने खाली बोट दाखवलं. तिथे एक अर्ज होता. एक चौकोन होता. त्यात खूण केली आणि पाठवला तर कदाचित खातं परत सुरू होईल. कदाचित.

"चौकोनापुढं काय लिवलंय ते वाच."

हेमांगीने वाचलं आणि सासूच्या तोंडाकडे न बघता मराठीत सांगितलं. "मी नियम मोडले हे मला मान्य आहे. नको असलेली पत्रं पाठवली. पुन्हा असं करणार नाही."

"नाय."

"आई, नुसती टिचकी मारायची आहे."

"नाय म्हटलं ना. माझं आवतन नको असलेलं? आनि पुन्हा देनार नाय असं कबूल करू? अगं, उद्या कुनी म्हनालं हंसानं लिहून दिलंय की तिची आवतनं रद्दी होती, तर?"

"कोण म्हणणार आहे! मशीन आहे ते!"

"मशीनफुडं खोटं बोललं तर ते खोटं नसतं काय?"

हेमांगीने चौकोन रिकामा ठेवून खालच्या जागेत सासूचं म्हणणं इंग्रजीत लिहिलं: हे लग्नाचं आमंत्रण आहे, आमच्याकडे ते प्रत्येकाला वेगळं द्यायची रीत आहे, आम्ही काही विकत नाही. पाठवायला गेली तर पडदा पुढे जाईना. चौकोनात खूण केल्याशिवाय अर्ज घेतच नव्हते. शेवटी ॲन्सेल्मने तेच म्हणणं स्वतःच्या खात्यातून कंपनीच्या तक्रारीच्या पत्त्यावर पाठवलं. लगेच उत्तर आलं. मशीनचंच. तुमचं पत्र मिळालं, धन्यवाद, एवढंच.

दोघी परत निघाल्या. वाटेत हेमांगी थांबली आणि तिचा आवाज चढला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"आई, पत्ते सगळे आत अडकलेत. अर्ध्या लोकांना गेलं, अर्ध्यांना नाही. आणि यमुनाकाकींचं काय? जितूदादाच्या नावापुढे कसले कसले आकडे होते, मला एक आठवत नाही. तुमच्या ताठ्यापायी त्या बिचारीचं पोर तुटणार. एका टिचकीसाठी!"

हंसाबाई चालत राहिली. ताठा हा शब्द मनाला लागला होता. घरी जाऊन तिने लुगडं बदललं आणि ढग आला होता म्हणून केळी झाकायला लागली. हात चालत होते, पण चार केळी मातीत पडली. जयराम नुसतं बघत होता. त्याने ती उचलून पाण्याने धुतली आणि म्हणाला, "ही आपन खाऊ." एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी यमुनाबाई कुंपणातून आली. हंसाबाईने तिला मांडवाच्या मागे नेलं आणि जे झालं ते सरळ सांगितलं. चौकोनाचंही सांगितलं.

"वहिनी, तुमी म्हना. तुमी म्हनलात तर मी आत्ता जाते नि कबूल करते. माझ्या तोंडाला काळं लागलं तरी चालंल. तुमचं पोर आहे."

यमुनाबाई केळी उलटत राहिली. बारीक बाई, हाताच्या शिरा वर आलेल्या. चटईची एक ओळ पुरी झाल्यावर म्हणाली, "चार वर्सं मी चोरून येते, हंसा. माझ्या स्वतःच्या पोराचं पत्र मी दुसऱ्याच्या अंगनात, केळीच्या आड, चोरासारखी ऐकते. एक खोटं आमच्या घरात रोज शिजतंय. त्यात तुझं कशाला घालू?"

"पन मंग..."

"तो दुबईत आहे, मेला नाय. वाट काढंल." तिने मान वर ठेवली. "तू टिचकी मारू नको. माझ्यासाठी तर बिलकूल नको."

हंसाबाईला भरून आलं. एवढी वर्षं ती या जावेला गरीब गाय समजत होती. गाय कसली, वाघीण होती.

पण भावकीचा प्रश्न उरलाच. अर्ध्यांच्या पोरांना पत्र आणि अर्ध्यांच्या नाही, हे असंच राहिलं असतं तर संपदाच्या पोरांच्या लग्नापर्यंत लोकांनी आठवण काढली असती. बातमी तर फिरली होतीच. नाक्यावर मार्गारेटच्या शेजारी हंसाबाई भाजी घेऊन बसायची, मार्गारेटने तिला आल्या आल्या सांगितलं, "हंसा, लोक कायबाय बोलतात गो. तुझ्या खात्याला कुलूप लावलं, मंजे कायतरी लबाडी असनार म्हनतात."

"कोन म्हनतं?"

मार्गारेटने कोथिंबिरीच्या जुड्या उगाच सारख्या केल्या. "तुझे आत्मारामदादाच म्हनाले, सोसायटीच्या कट्ट्यावर. हात स्वच्छ असते तर कुलूप कशाला पडलं असतं."

हंसाबाईने त्या दिवशी भाजी लवकर आवरली. घरी येऊन तिने तबक घासलं, सुपाऱ्या मोजल्या नाहीत, मूठभरून घेतल्या, अक्षता भिजवल्या. आणि निघाली. घरोघर. जिथून पत्ते आणले होते त्याच दारांत पुन्हा.

हे सोपं नव्हतं हो. एकदा दिलेलं आवतण परत द्यायला जाणं म्हणजे पहिलं फसलं हे कबूल करणं, आणि गासात असं कुणी आजवर केलेलं नव्हतं. हेमांगी तबक धरून बरोबर होती. तिला वाटलं होतं सासू काहीतरी सारवासारव करेल, कॉम्प्युटर बिघडला म्हणेल. पण हंसाबाई पहिल्याच ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका. आमी पोरांना कॉम्प्युटरवरून आवतनं धाडली. अर्धी गेली, मंग त्या कंपनीनं खातं बंद केलं. का, तर आमी एकेकाला वेगळं दिलं म्हनून. तुमच्या पोराला पोचलं की नाय ते मला सांगता येत नाय. म्हनून परत आले. त्याचं नाव घेते, तुमी त्याला कळवा."

आणि नाव घेतलं.

लोकांनी काय काय केलं! कुणी हसलं. एका म्हातारीने विचारलं, मग पुढच्या वेळी तिसऱ्यांदा येशील काय. एकाने खोचून म्हटलं, "फुकटच्या घोड्यावर बसल्यावर लगाम कुनाच्या हातात असनार?" हंसाबाई म्हणाली, "बरोबर बोललात. आता पायी आलेय," आणि सुपारी दिली. पायांत गोळे आले. वाघोलीकडची घरं झाली, खाडीच्या बांधावरची झाली, चिंचेखालची झाली. एका ठिकाणी पाणी विचारलं नाही, एका ठिकाणी चहाशिवाय सोडेनात. हेमांगीने पाहिलं, की जो हसला होता तोही आवतण घेताना उठून उभा राहिला होता. तिसऱ्या संध्याकाळी वाटेत तिने सासूच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाली, "आई, त्या दिवशी मी ताठा म्हणाले ते..."

"खरं बोललीस. ताठा आहेच माझ्यात," हंसाबाई म्हणाली. "पन तो काढून टाकला तर खाली काय उरंल ते मला ठाव नाय."

शेवटचं घर राहिलं. शेवग्याच्या कुंपणापलीकडचं.

हंसाबाई कुंपणातून गेली नाही. रस्त्याने वळसा घालून, पुढच्या दाराने गेली. मनात तिने ठरवून टाकलं होतं. आज जितेंद्रचं नाव घ्यायचं. खात्यातून बोलावता आलं असतं तर इथे गिळलं असतं. आता दुसरी वाट नाही. दादाने सुपारी परत केली तर करू दे. सगळ्या गासाला सांगून आले की एकही नाव सोडत नाही, आणि घरच्याच दारात सोडू?

आत्माराम ओट्यावर बसला होता. उन्हाने काळवंडलेला, आडव्या हाडाचा माणूस, कोयतीला दगडावर धार लावत होता. त्याने वर बघितलं नाही. आत, दाराच्या फळीमागे, यमुनाबाईचं लुगडं दिसत होतं.

"आलीस," तो म्हणाला. "सगळं गाव फिरून आलीस, मंग आमी."

"घरचं शेवटी असतं, दादा."

"हूं." कोयती दगडावरून एकदा गेली. "त्या कंपनीला काय लिहून दिलंस?"

"कायबी दिलं नाय. म्हने, चूक कबूल करा मंग उघडतो. मी चूक केली नव्हती."

"आनि तुमचं खातं?"

"बंद आहे. बंद राहू दे."

आत्मारामने कोयती बाजूला ठेवली. बोटाने धार बघितली, उगाचच. मग म्हणाला, "काल रात्री फोन आला."

कुणाचा ते विचारायची हंसाबाईची छाती झाली नाही.

"त्यानं तुला पत्र लिवलं होतं. ते परत आलं त्याच्याकडं. खातंच नाय म्हनून. दुसरं लिवलं, तेबी परत आलं. त्याला वाटलं इथं काय झालं. आईला काय झालं, की काकीला काय झालं. घाबरला." म्हाताऱ्याने धारेचा दगड बाजूला सारला. "फोन मी उचलला. मला वाटलं केळीवाला व्यापारी. 'बाबा, आई बरी आहे ना' म्हनाला. चार वर्सांनी."

फळीमागे कुणी श्वास ओढला.

"मंग तुमी काय बोललात?"

"काय बोलनार. बरी आहे म्हनालो." तो जमिनीकडे बघत होता. "तो म्हनाला, मंग काकीची पत्रं का बंद झाली. तेव्हा मला कळलं की माझ्या घराच्या मागच्या बाजूला एक टपाल चालतं."

हंसाबाईने पदर खांद्यावरून ओढून घेतला. भ्याली नाही म्हणता येणार नाही. पण मागे सरली नाही. "चालत होतं, दादा. मी चालवत होते. वहिनींना बोल लावू नका. लावायचा तर मला लावा, मी दारात उभी आहे."

"लावतोय कोन?" आत्माराम एकदम मोठ्याने म्हणाला, आणि मग त्याचाच आवाज खाली आला. "सोसायटीच्या कट्ट्यावर मी जे बोललो ते तुझ्या कानावर आलं असंल."

"आलं."

"चुकलं माझं."

एवढं बोलून तो उठला. गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. आत गेला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगात इस्त्रीचा सदरा होता, लग्नकार्याला घालतो तो. यमुनाबाई मागे होती. आज ती फळीमागे थांबली नाही, ओट्यावर नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"दे आवतन," आत्माराम म्हणाला.

हेमांगीने तबक पुढे केलं. हंसाबाईने सुपारी आणि अक्षता उचलल्या. तिने आधी त्याचं नाव घेतलं, मग यमुनाबाईचं, मग थोरल्या लेकीचं, जावयाचं, नातवंडांचं. आवाज खणखणीत होता. मग ती थांबली. ज्या जागी एवढी वर्षं नाव गिळत आली होती तिथेच थांबली, आणि तिला दिसलं की म्हातारा श्वास धरून उभा आहे.

"आनि जितेंद्र आत्माराम," ती म्हणाली, "दुबईला असतो तो. संपदाच्या लग्नाला त्यानं यायचं. काकीनं बोलावलंय."

आत्मारामने दोन्ही हात पुढे केले. एका हाताने घेत नाहीत आवतण, दोन्ही हातांनी घेतात. पण एका घरातल्या सगळ्यांच्या नावाची सुपारी एकच असते, आणि ती त्याच्या तळहातावर पडली होती. तो तसाच हात पसरून उभा राहिला.

"अजून एक दे," तो म्हणाला. "त्याची वेगळी."

हंसाबाईने तबकातली दुसरी सुपारी उचलून दिली.

"घेतली," म्हातारा म्हणाला. मग सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, मान वर करून, पुन्हा म्हणाला, "माझ्या जितेंद्राच्या नावानं घेतली!"